ठिपक्यांचा एक

शाळेच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं काढली. कागदोपत्री मी परिचर, पण सगळी शाळा मला मामा म्हणते, आणि एकदा मामा म्हटलं की कोणीही कुठलंही काम सांगायला मोकळं. काचपट्ट्या धुवा, बेडकाच्या बरणीतलं फॉर्मॅलिन बदला, सूक्ष्मदर्शकाच्या आरशावरचे पोरांच्या बोटांचे ठसे पुसा. मी सगळं करतो आणि कुरकुरतो. कुरकुरण्याचा पगार मिळत नाही, ते मी माझ्या खुशीनं करतो.

वर्षातून एक दिवस मात्र मला फळ्याशेजारी उभं करायचे. दहावीला नैसर्गिक निवडीचा धडा असतो. जीवशास्त्राच्या बाई तो शिकवताना फळ्यावर दोन रकान्यांचा तक्ता काढायच्या. पहिल्या रकान्यावर लिहायच्या ‘जन्मली किती’, दुसऱ्यावर ‘निसर्गाचे मार्क’. निसर्ग ताकदीला मार्क देत नाही, दिसण्याला देत नाही, अकलेला तर नाहीच नाही, असं सांगायच्या. जी पिल्लं वाढतात आणि पुढे स्वतः पिल्लं देतात, तेवढीच तो मोजतो. मग एकेक ओळ. समुद्रातली मासोळी, अंडी दहा लाख, मार्क दोन. बेडकी, तीन हजार, मार्क दोन. हत्तीण, सहा, मार्क दोन. इथवर वर्ग पेंगायला लागलेला असायचा. मग हाक यायची, ‘मामा, जरा इकडे या.’ मी हात पुसत दारात उभा.

‘मामा, मुलं किती?’

‘पाच.’

वर्ग खदखदून हसायचा. माझ्या ओळीत पहिला रकाना मोकळाच राहायचा, दुसऱ्यात मोठा पाच, माझी पोरं पुढे नातवंडं देणारच असं गमतीनं धरून. मामांनी हत्तिणीला मागे टाकलं, असं बाई म्हणायच्या आणि मी मिशीला ताव दिल्यासारखं करायचो. मला मिशी नाही, म्हणून पोरं आणखी हसायची.

शेवटची ओळ बाईंची स्वतःची. एकोणीस वर्षांपूर्वी त्या शाळेत आल्या तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. दोन वर्षं त्यांनी आपल्या ओळीत शून्य काढलं आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या. मग लेक झाली. त्या वर्षी फळ्यावर एक आला, पण ठिपक्यांचा, वरून खाली सात ठिपके. हा मार्क अजून कच्चा आहे, त्या म्हणाल्या. ती मोठी होईल, तिला मुलं होतील, तेव्हा मी ठिपके जोडीन.

लेक याच शाळेत शिकली, त्यामुळे तिचं नाव ठिपकी पडलं ते पडलंच. शिक्षकसुद्धा हजेरी घेताना चुकून ठिपकी म्हणायचे. शाळा सुटली की आईचं काम संपेपर्यंत ती माझ्याकडे प्रयोगशाळेत. माझं स्टूल बळकावायची, माझ्या डब्यात हात घालायची, काचेच्या टाकीतली बेडकाची शेपटीवाली पिल्लं मोजायची आणि रोज वेगळा आकडा सांगून माझ्याशी वाद घालायची. सात-आठ वर्षांची असताना एकदा म्हणाली, ‘मामा, तुमच्या पाचांतला एक माझ्या आईला द्या ना. तिचे मार्क वाढतील.’

मी म्हटलं, घे, हवा तो घे. ती खूश झाली. मी पाठ फिरवून नळाखाली परीक्षानळ्या धुवत बसलो, त्या आधीच धुतलेल्या होत्या.

या उन्हाळी सुट्टीत ठिपकी गेली. सतरावं वर्ष. पाच दिवस ताप, सहाव्या दिवशी काही नाही. कसला ताप ते डॉक्टरांनाही धड सांगता आलं नाही, आणि सांगता आलं असतं तरी काय झालं असतं.

शाळा उघडली त्या दिवशी बाई कामावर हजर. त्यांचे यजमान महिनाभर घरातून बाहेर पडले नाहीत, बाई मात्र घरात थांबेनात. साडी इस्त्रीची, खडूची डबी हातात. कोणी काही विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणायच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी एकदाही पाहिलं नाही आणि मला त्याचीच धास्ती वाटायची.

वर्गाचं तर काही विचारू नका. दहावीची पोरं म्हणजे एरवी बाजार, पण बाईंच्या तासाला सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. कोणी वही विसरलं तरी बाई रागवायच्या नाहीत आणि कोणी वही विसरायचंही नाही. आधी परिसंस्थेचा धडा झाला. वर्गाची मॉनिटर, चष्मेवाली शांत मुलगी, उभी राहून मोठ्यानं वाचत होती. मी दाराशी तक्ते टांगत होतो. ‘मृत सजीवांच्या शरीरातील मूलद्रव्ये विघटकांमुळे पुन्हा मातीत...’ एवढं वाचलं आणि ती थांबली. तिला पुढचं वाचवेना. बाईंनी शांतपणे तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि उरलेला परिच्छेद स्वतः वाचला, बुरशी, जिवाणू, गांडुळं, सगळं, एका सुरात. मागच्या बाकावरच्या दोन मुली डोळे पुसत होत्या.

ही बातमी मुख्याध्यापकांपर्यंत गेलीच. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की पुढचा नैसर्गिक निवडीचा धडा दुसऱ्या शिक्षकांना घेऊ द्या. बाई नको म्हणाल्या. मग ते म्हणाले, निदान तो तक्ता तरी गाळा. बाई त्यालाही नको म्हणाल्या. शेवटी त्यांनी अट घातली. धडा घ्या, पण वर्गात काही झालं, रडारड झाली, पालकांची तक्रार आली, तर दहावी तुमच्याकडून काढून घेईन आणि वर्षभर तुम्हाला कार्यालयात बसवीन. हे सगळं त्यांनी काळजीपोटी सांगितलं, आणि काळजीपोटी सांगितलेलं कोणाला खोडताही येत नाही.

हे मला कळलं. या बाईंना सध्या वर्ग सोडून दुसरं काही उरलेलं नव्हतं. घरी ठिपकीचं रिकामं टेबल, इथे चाळीस पोरं. तीही काढून घेतली तर बाई उभ्या कशावर राहणार?

मी धीर करून प्रयोगशाळेत बोललोच. म्हटलं, ‘बाई, मासोळी आणि हत्तिणीवर धडा पुरतो की. माणसं कशाला त्यात?’

बाई बरण्यांना लेबलं लावत होत्या. म्हणाल्या, ‘मामा, मागच्या प्रत्येक वर्गानं तो तक्ता पाहिलाय. या पोरांनी भावंडांच्या वह्यांत वाचलाय. मी ती ओळ गाळली तर वर्षभर ती पोरं त्या मोकळ्या जागेकडेच बघत राहतील. मला घाबरत राहतील.’ पुढचं लेबल चिकटवत म्हणाल्या, ‘आणि ते खरं आहे. खरं असेल ते मी शिकवते.’

मी माझ्या परीनं एक उपाय केला. धड्याच्या दिवशी मी मागच्या कोठीत जाऊन बसलो. मामाच नाहीत म्हटल्यावर मामांची ओळ नाही, आणि मामांची ओळ नाही तर बाईंची तरी कशाला येईल, असा माझा हिशेब. कोठीत सापाच्या बरण्या, मोडका सांगाडा आणि मी. फडकं हातात धरून धूळ पुसल्याचं नाटक करत होतो.

अर्ध्या तासात मॉनिटर मुलगी शोधत आली. म्हणाली, मामा, बाईंनी बोलावलंय. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, सांग सापडले नाहीत. ती म्हणाली, मी बाईंशी खोटं बोलणार नाही. आजकालची पोरं नको तिथे खरं बोलतात.

मी गेलो. व्हरांड्यात मुख्याध्यापक नोटिशीच्या फळ्यासमोर उभे होते आणि तीच एक नोटीस पुन्हा पुन्हा वाचत होते. मी वर्गात शिरलो. फळ्यावर मासोळी, बेडकी, हत्तीण लिहून झाली होती.

‘मामा, मुलं किती?’

‘पाच,’ मी म्हटलं. कोणी हसलं नाही. बाईंनी दुसऱ्या रकान्यात पाच लिहिला. खाली स्वतःची ओळ लिहिली. मग वर्गाकडे वळून विचारलं, ‘इथे काय लिहू?’

चाळीस माना खाली. शेवटी मॉनिटर उभी राहिली.

‘एक, बाई. ठिपक्यांचा.’

‘व्याख्या वाच.’

तिनं पुस्तक उघडलं. ‘जी संतती पूर्ण वाढून पुढे स्वतः संतती निर्माण करते, तीच...’ तिनं पुस्तक मिटलं. ‘मला नाही लिहायचं ते, बाई.’

‘पेपरात एक लिहिलास तर मला मार्क कापावे लागतील,’ बाई म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. आणि फळ्याकडे वळून शून्य काढलं.

याच फळ्यावर, याच ओळीत त्यांनी पूर्वी दोन वर्षं शून्य काढलं होतं. आकडा तोच होता. पण शून्य पूर्ण झालं तरी त्यांचा हात फळ्यावरून खाली येईना. वर्गाकडे त्यांची पाठ होती. पुढचं वाक्य यायला हवं होतं, ते येत नव्हतं. वर्गाला दिसत नव्हतं ते मला बाजूनं दिसत होतं. बाईंची हनुवटी थरथरत होती. दोन महिन्यांचं सगळं वर आलं होतं आणि ते आता थांबणार नव्हतं. दारात मुख्याध्यापकांची सावली पडली.

मी काही ठरवून बोललो नाही. तोंडातून निघून गेलं.

‘बाई, माझा आकडा चुकलाय. चार लिहा.’

बाईंनी मान वळवली. ‘पाच आहेत ना तुम्हाला?’

‘झाली पाच. तिसरा अडीच वर्षांचा होऊन गेला. जुलाब झाले, दोन दिवसांत खेळ आटोपला. इथे नोकरीला लागायच्या आधी.’

‘मग एकोणीस वर्षं तुम्ही पाच सांगताय?’

‘तुम्ही मुलं किती विचारायचात,’ मी म्हटलं. ‘मोजताना तो सुटत नाही, बाई.’

वर्गात कोणीतरी हुंदका दिला. मला वाटलं, झालं, मीच वाटोळं केलं. मुख्याध्यापक उंबऱ्यात येऊन उभे राहिले. पण बाई पूर्ण वळल्या. गालावर ओघळ होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या. त्यांनी तळहातानं माझा पाच पुसला, तिथे चार लिहिला. मग पहिला रकाना. एकोणीस वर्षं माणसांच्या ओळीत मोकळा राहिलेला. ‘जन्मली किती’ खाली त्यांनी माझा पाच लिहिला, ठळक. आणि त्याखाली आपल्या ओळीत एक काढला. ठिपके नाहीत. वरून खाली, एका दमात, पूर्ण रेघ.

‘दुसरा रकाना निसर्गाचा,’ बाई वर्गाला म्हणाल्या. आवाज ओला होता पण स्पष्ट. ‘पहिल्याशी त्याला देणंघेणं नाही. तो आपण भरायचा, आणि तोही बरोबर भरायचा. माझ्याकडून इतकी वर्षं राहून गेला. उतरवून घ्या.’

चाळीस पेनं चालू लागली. मुख्याध्यापक चष्मा काढून पुसत आपल्या खोलीकडे गेले. दहावी काढून घेण्याची गोष्ट त्यांनी नंतर कधी काढली नाही.

तास संपल्यावर बाई प्रयोगशाळेत आल्या आणि ठिपकीच्या स्टुलावर बसल्या. म्हणजे माझ्याच, पण आता ते तिचंच म्हणायला हवं. मी पाण्याचा पेला पुढे केला. तो हातात धरून त्यांनी विचारलं, ‘नाव काय होतं त्याचं?’

सत्तावीस वर्षं झाली. बायको घरी ते नाव काढत नाही, मला काढू देत नाही. धाकट्या दोघांना तर ते माहीतही नाही. मी नाव सांगितलं. बाईंनी ते हळूच एकदा म्हणून पाहिलं, हजेरीपटात नवीन नाव आलं की म्हणून पाहतात तसं. मग मी बेसिनकडे तोंड करून रडलो. नळ सोडला होता, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

बाईंनी मला रडू दिलं. घंटा झाली तेव्हा त्या उठल्या, पदर सारखा केला, खडूची डबी घेतली.

‘ब तुकडी आहे,’ त्या म्हणाल्या.

हे मी विसरलोच होतो. दहावीच्या दोन तुकड्या आहेत. तोच धडा, तोच तक्ता, पुन्हा पहिल्यापासून मासोळी, बेडकी, हत्तीण.

‘मामा, या वेळी तुमची ओळ आधी पूर्ण भरू,’ बाई म्हणाल्या. ‘दोन्ही रकाने. मग माझी मला जमेल.’

मी तोंड धुतलं, हात पुसले आणि त्यांच्या मागून निघालो.