मायला विचारून

मानवतच्या तेलगिरणीत पेंडीची पोती रचायला दोन यांत्रिक हात आले. भांडण मात्र आधीपासूनच घरात होतं. मालक दोन सख्खे भाऊ, रामप्रसाद आणि अंगद, आणि दोघांचं बोलणं बंद. एक हात थोरल्याच्या नावानं घेतलेला, दुसरा धाकट्याच्या. पूजेला नारळसुद्धा दोन फुटले.

या दोन हातांचं जमवून देणं बबिताच्या नशिबी आलं. पोरगी जिंतूरची. पुण्यात दिवस काढून आता कुठं घराजवळ काम मिळालं होतं. हे हात पुरवणाऱ्या तिच्या कंपनीनं बजावलं होतं, आज दोन्ही हात एकत्र चालले नाहीत तर मशिनी परत, आणि बबिताही परत पुण्याला.

खरं तर काम अवघड नव्हतं. दोन्ही हातांना एकाच जागी पोतं ठेवायचं होतं. एकदम घुसले तर लोखंडावर लोखंड आपटणार, म्हणून एकानं थांबायचं.

"माझा का म्हणून थांबंल?" रामप्रसाद बबिताला म्हणाले. "थोरला कोण हाय?"

"जलमभर मीच थांबलो म्हणावं," अंगदही बबितालाच म्हणाले. "आता मशीन बी थांबवू का?"

मग तिनं दोन्ही हातांना सारखंच ठेवलं. दुसऱ्याला जायचं असेल तर आपण थांबायचं, असं दोघांना शिकवलं. झालं, दोन्ही हात पोती उचलून समोरासमोर उभे, पंगतीत 'आधी तुमी बसा' करणाऱ्या व्याह्यांसारखे. हमाल खो खो हसायला लागले. बाहेर ट्रकवाला हॉर्न बडवत होता. दोन्ही मालकांना पोत्यात घालून तोंड शिवावं, असं बबिताला मनापासून वाटलं.

तेवढ्यात भावांची आई कासाबाई आली. हातात रोजच्यासारखे दोन डबे, एक ऑफिसात थोरल्याला द्यायचा, एक वजनकाट्यापाशी धाकट्याला. बबितानं त्या डब्यांकडं पाहिलं आणि लॅपटॉप ओढला.

"आता कुणी कुणासाठी थांबणार न्हाई," थोड्या वेळानं ती भावांना म्हणाली. "आत जायची परवानगी मायकडं. जो आधी मागंल त्याला माय आधी सोडंल, तो बाहेर आला की दुसऱ्याला."

"कोण माय?"

"प्रोग्रॅममधली. नाव मी ठेवलं. काय हरकत हाय का?"

एवढ्या हमालांसमोर मायला नाही म्हणायची छाती दोघांचीही नव्हती. हात चालू झाले. एक आत, एक बाहेर, पोत्यावर पोतं. बबिताचा जीव भांड्यात पडला.

हातांभोवतीच्या जाळीबाहेरून कासाबाई बघत होती. "काय करायलेत गं हे?"

"मायला इचारून जायलेत, काकू. तिनं हो म्हटल्याबगर एक बी हलत न्हाई."

घरात कासाबाईला कुणी काही विचारत नाही, हे अख्ख्या मानवतला ठाऊक होतं. बबिताला आपलंच बोलणं लागलं.

"आन् थांबवायचं कसं?" कासाबाईनं विचारलं.

बबितानं जाळीवरचं लाल बटण दाखवलं. कासाबाईनं ते दाबलं.

दोन्ही हात जागच्या जागी थबकले. दोन्ही भाऊ दोन बाजूंनी धावत आले.

"माय, काय केलंस?" दोघं एकदमच म्हणाले.

कासाबाईनं दोन्ही डबे एकाच पोत्यावर मांडले आणि परत बटणावर हात ठेवून उभी राहिली. "बसा. जेवल्याबगर चालू व्हायचं न्हाई."

भाऊ एकमेकांकडं न बघता बसले. अंगदनं लोणचं थोरल्याकडं सरकवलं. तेवढ्यात बबिताचा फोन वाजला, कंपनीचा.

"चालले साहेब, दोन्ही एकत्र," ती म्हणाली. "आता बंद हायेत. मालक जेवायलेत."

"कोणते मालक?"

"दोघंबी," बबिता म्हणाली.