बंद बॉयलरमधली नळी

मी लालबागमधल्या एका कापड गिरणीच्या बॉयलरची जुनी नळी आहे. साधीसुधी नळी समजू नका हं, मित्रांनो! पोलादात क्रोमियम मिसळून मला घडवलं होतं. बाहेरून आग सोसायची आणि पोटातून चारशे अंश तापलेली वाफ न्यायची, हे माझं काम. साधं लोखंड तिथे बघता बघता झिजलं असतं. माझ्या अंगावर मात्र त्या वाफेनंच काळसर, पातळ साय धरली आणि त्या सायीनं मला वर्षानुवर्षं जपलं.

आमचा बॉयलर सांभाळायचा कुशाबा. दसऱ्याला बॉयलर थंड असे. तेव्हा तो त्याला झेंडूचा हार घालायचा आणि आत वाकून माझ्यावर छोटी हातोडी मारायचा. मी खणकन वाजले की म्हणायचा, "शाब्बास गं पोरी!" मी किती फुगायचे म्हणून सांगू!

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. बॉयलर बरेच दिवस बंद राहणार असला, की कुशाबा सगळं पाणी काढून आम्हाला कोरडं करायचा. या वेळी त्यानं पाणी तसंच ठेवलं.

"आठ दिवसांत परत येऊ," तो जोडीदार गुणाजीला म्हणाला. "आल्याबरोबर पेटवता येईल."

आठ दिवसांचे चार महिने झाले. माझ्या वाकणात पाणी साचून राहिलं. वाफेला मी कधी दाद दिली नव्हती, पण ते गार पाणी मला हळूहळू खाऊ लागलं.

बॉयलरघर फाटकाला लागूनच होतं. एका सकाळी तिथून कुशाबाचा आवाज आला.

"काम नाय करत रे. नुसतं बॉयलरचं पाणी काढतो नि येतो."

"माका ठावक आसा," गुणाजी म्हणाला. "पण तुका आत जाताना बघून उद्या धा जण कामार जातले."

कुशाबा फाटकातूनच मागे फिरला. मग त्याची पावलं लांब गेली. मला रडता आलं असतं, तर त्या दिवशी मी रडले असते.

गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. पुष्कळ वर्षांनी भंगारवाले आले. बॉयलर कसा सोडवायचा ते दाखवायला त्यांनी म्हाताऱ्या कुशाबाला बोलावलं होतं. त्यानं पिशवीतून तीच हातोडी काढली आणि माझ्यावर हलकेच मारली. मी वाजले नाही. हातोडी आत रुतली.

"वाफेनं नाय खाल्लं पोरी तुला," तो म्हणाला. "मीच खाल्लं."

हातोडी तिथेच टाकून तो निघून गेला.

मित्रांनो, आता मी रे रोडच्या भंगारात पडले आहे. काम थांबलं म्हणून वस्तूला विसरू नका. तिच्या पोटातलं पाणी काढा, तिला कोरडी ठेवा. आणि कुशाबा कुठे भेटलाच, तर त्याला एवढं सांगा, की तू फाटकापर्यंत आला होतास, हे नळीला ठाऊक आहे.