पदराची तिसरी गाठ

दानम्माची सगळी कामं पदराला बांधलेली असायची. छावणीत कुणी येऊन म्हणालं, "आक्का, आमच्या दावणीला पेंड कमी पडली," की ती पदराच्या टोकाला एक गाठ मारायची, आणि काम उरकलं की दातानं सोडायची. कुठली गाठ कशाची, हे तिचं तिलाच ठाऊक.

त्या दुष्काळात गावातल्या बायांच्या दूध संस्थेनं पाटोद्याच्या रस्त्याला जनावरांची छावणी चालवायला घेतली होती. पाणी, चारा, राखणीच्या पाळ्या, सगळा व्याप दानम्माच्या पदरावर चालायचा. तिची सून शिवकांता संस्थेची सचिव. तिला याची लाज वाटे. बारावी शिकलेली बाई ती. तिनं कामं वेळेसकट फोनमध्ये घातली होती, वेळ झाली की फोन वाजायचा. दोघींची रोजची कुरबुर ऐकून अध्यक्षीण केशरबाईंनी तोड काढली. "आठ दिवस निम्मी कामं फोनवर, निम्मी गाठीवर. जिचं काम राहील, तिची रीत बंद."

आठवडा सरत आला तरी दोघींचंही काही राहिलं नाही. शिवकांताचा जीव टांगणीला लागला. अडाणी सासूकडून हरली असती, तर अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणायला सगळ्या बाया टपलेल्याच होत्या.

शेवटच्या दिवशी दुपारी दानम्मा ताडपत्रीच्या सावलीत कलंडली होती. पदर बाजूला पसरलेला, त्याला तीन गाठी. शिवकांता पाणी प्यायचं निमित्त करून आली, उकिडवी बसली आणि हाताला आली ती गाठ सोडून मोकळी झाली. फार तर कुणाची तरी पेंड राहील, संध्याकाळी आपणच घालू, असं तिनं मनाला समजावलं. जाता जाता तिनं गंगीच्या पाठीवरून हात फिरवला. गंगी तिची माहेरची गाय, पहिलटकरीण, दिवस भरलेली. त्या वासराची शिवकांता उन्हाळाभर वाट बघत होती.

दानम्मा उठली, तिनं पदर चाचपला. दोनच गाठी बघून जरा घुटमळली, पुन्हा चाचपला. तेवढ्यात चाऱ्याची गाडी आली आणि ती तिकडे धावली. गुरांचे डॉक्टर आले, दोन-चार जनावरं तपासून, चहा पिऊन पुढं कडा गावाकडे निघून गेले.

दिवेलागणीला गंगी अडली. शिवकांतानं फोनवर फोन लावले. डॉक्टर कड्याहून परत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. गाय वाचली, वासरू मेलेलंच निघालं.

"दुपारी मी इथंच होतो की," हात धूत डॉक्टर म्हणाले. "तेव्हाच बघितलं असतं तर वाचलं असतं. कुणी सांगायचं नाही का?"

दानम्मा मटकन खाली बसली. "सकाळीच मला गंगीचं लक्षण बरं दिसंना. शिवा घाबरंल म्हनून तिला बोलले न्हाई. डाक्टरला दाखवायचं म्हनून गाठ मारलती." ती पदर उलटासुलटा करून बघू लागली. "मारलती की गं."

शिवकांतानं खुंटा धरला. मी सोडली, एवढंच म्हणायचं होतं. त्याआधीच तिला रडू फुटलं.

दानम्मानं तिचा हात धरला. "रडू नको बाई. माजीच चूक. मारली म्हनते, आन मारलीच नसंल. डोक्याचा भरवसा उरला न्हाई आता."

वासरू गेल्याचं दुःख शिवकांतानं कसंबसं गिळलं असतं. पण कधी काही न विसरलेली ही बाई आपल्याच डोक्यावर संशय घेतेय, हे ऐकून ती सुन्न झाली.

सकाळी बैठकीत दानम्मानं आपणहून हात वर केला. "फोनच ठेवा. माजी रीत बंद." बायांनी माना डोलावल्या. शिवकांता जिंकली होती. अजूनही बोलता आलं असतं. ती जमिनीकडे बघत बसली.

उठता उठता केशरबाई म्हणाल्या, "आक्का, टँकरवाल्याला उद्या लवकर यायला सांगा."

दानम्माचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि तिथंच थांबला. तिनं पदर सोडून दिला, सुनेकडे वळून बघितलं.

"शिवा, तू ध्यानात ठेव गं. माज्यानं आता व्हत न्हाई."

शिवकांतानं मान हलवली आणि फोन काढला.