स्वरूपाची पाच कॉलेजं

कळस गावच्या पोरीला बारावी आर्ट्‌सला त्र्याहत्तर टक्के पडले, सेंटरात पहिली आली, ही बातमी एस.टी.च्या आधी गावात पोचली. स्वरूपा इंदापूरहून गुणपत्रिका घेऊन उतरली तेव्हा थांब्यावरचा पानवाला म्हणाला, "आता काय, कलेक्टर व्हनार व्हय?"

"न्हाय. आंतरराष्ट्रीय संबंध शिकणार."

पानवाल्यानं पुढच्या गिऱ्हाइकाच्या पानाला चुना लावायला घेतला.

हे खूळ तिच्या डोक्यात दीड वर्षापूर्वी शिरलं. रेडिओवर सांगितलं की सोव्हिएत देश मोडला, एकाचे पंधरा झाले. आणि वर्गातल्या नकाशावर मात्र तो अजून अखंड, गुलाबी पसरलेला. तिनं उठून इंद्रजितसरांना विचारलं, "सर, आता बांध कुठं घालायचा, पाणी कुणी किती घ्यायचं, ही बोलणी करायला कोण जाणार?" सर म्हणाले, "अगं, त्याचंच तर शास्त्र आहे." ज्या मुलीची हजेरीसुद्धा ऐकू यायची नाही, ती त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतल्या भांडणांत तहाच्या अटी घालायला लागली.

घरी आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गुणपत्रिका दोनदा वाचली, देवापुढं ठेवली आणि तिथूनच एक कोरा फॉर्म काढला. डी.एड.चा.

"सोमवारी इंदापूरला जाऊन देतो. दोन वर्षांत मास्तरीण. मिटला विषय."

"मला दिल्लीला जायचंय, आप्पा."

"आन् दिल्लीनं न्हाय म्हटलं तर?"

"कशाला म्हणतील?"

"पर म्हटलं तर?"

मग आप्पांनी अट घातली. रविवारी संध्याकाळपर्यंत कॉलेजांची यादी आण. ती वाचून जुलैत तू कुठल्यातरी वर्गात बसलेली मला दिसली पाहिजेस. दिसलीस, तर फॉर्मांवर सही. नाहीतर डी.एड.

एवढंच ना! स्वरूपानं रात्रीच्या आत पाच नावं लिहिली आणि शुक्रवारी सकाळी सरांपुढं वही आपटली. सर हसतच सुटले.

"ही पाच कॉलेजं नाहीत बाई, एकच कॉलेज पाचदा लिहिलंयस. पाचही दिल्लीची, पाचही डोंगराएवढी. गेल्या साली ह्यांनी ऐंशीच्या खाली दारं लावली. एक नाही म्हणालं की पाचही म्हणतील."

त्यांनी मुंबईच्या एका आणि पुण्याच्या दोन कॉलेजांची माहितीपत्रकं दिली. स्वरूपानं चार दिल्ल्या खोडल्या, ती तीन नावं घातली आणि तळाशी, आप्पांचं समाधान म्हणून, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं : बारामती.

संध्याकाळी तिची आई सारजा चुलीपुढं भाकरी थापत होती. "वाच की," म्हणाली.

स्वरूपानं दिल्ली, मुंबई, पुणे, पुणे असं ऐटीत वाचलं आणि शेवटचं नाव गिळलं.

"शेवटचं काय पुटपुटलीस?"

"बारामती. ते नुसतं आप्पांसाठी हाय."

सारजानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मला सांग, ह्यात शिकून करायचं काय असतं?"

"दोन देशांचं पटंना झालं, की मधी बसून बोलायचं. त्यांचंबी भलं, आपलंबी."

"म्हंजी मिस्तरीचं काम!"

सारजा लग्न होऊन आली तेव्हा हे घर मेंढरांमागं फिरत होतं. दिवाळी झाली की बिऱ्हाडं घोड्यांवर लादून कोकणात उतरायचं. स्वरूपाचे आजोबा म्हस्कूआबा त्या बिऱ्हाडांच्या तळाचे मिस्तरी, म्हणजे म्होरके. उद्या मेंढरं कुणाच्या रानात बसवायची हे ठरवायला ते रोज एकटेच पुढं जायचे. शेताला खत, मेंढरांना चारा, बिऱ्हाडांना धान्य. सौदा तोच, पण गाव रोज नवं आणि माणूस रोज अनोळखी.

"आबा एका रानावर भरवसा ठिवून कधीच निघालं न्हायत," सारजा म्हणाली. "एक लांबचं भारी रान बघायचं, तितं चार तळ टपलेलं असायचं. दोन-तीन बेताची, जमली तर जमली. आन् एक असं, की मालकच वाट बघत बसलाय. पर पोरी, त्या शेवटच्या रानातबी आबा आधी फिरून यायचं. तितं चारा हाय का बघायचं. माळावर नुसती धोंडं असली तर त्याला मुक्काम म्हणायचं का?" तिनं भाकरी उलटली. "तुझ्या बारामतीत चारा हाय?"

स्वरूपानं वही मिटली. तिनं बघितलंच नव्हतं.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं दोघी बारामतीला गेल्या. स्वरूपा वाटभर ठरवत होती की आपल्याला ते आवडणार नाही. कचेरीत कळलं, राज्यशास्त्र स्पेशल आहे आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपरही आहे. ठीक. मग ती वाचनालयात शिरली आणि जागच्या जागी थांबली. भिंतीवर तिच्या वर्गातला तोच गुलाबी नकाशा होता. पण गुलाबीवर कागदाचे कापलेले तुकडे चिकटवलेले, एकेकाचा रंग निराळा, नावं शाईनं लिहिलेली. तिनं मोजले. पंधरा!

"मुलींनी केलंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "दोन सीमा चुकल्यात. आलीस तर दुरुस्त कर."

बाहेर सारजा शिपायाला धारेवर धरून होती. "पोरींच्या हॉस्टेलात पाणी किती वाजता येतं? आन् किती वेळ?"

घरी येऊन स्वरूपानं मुंगीची अक्षरं खोडली आणि बारामती दिल्लीएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिली.

रविवारी आप्पांनी यादी तळापासून वर वाचली.

"हितं घेतील?"

"घेतीलच. सेंटरात पैली हाय मी."

"आन् जाशील? रुसून न्हाय, राजीखुशीनं?"

"जाईन. त्यांचा नकाशा चुकलाय, त्यो नीट करायचाय. बी.ए. झाल्यावर एम.ए.ला दिल्लीला जाता येतंय, सर म्हणालं."

आप्पा पुण्यावरून, मुंबईवरून वर सरकत दिल्लीपाशी आले. "आन् हे?"

"बहुतेक न्हाय म्हणतील. पर ते त्यांनी म्हणायचं. आपुन आधीच कशाला म्हणायचं?"

आप्पांच्या मिशा हलल्या. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि थांबले. "बरं. फकस्त सहावं डी.एड. लिही. फॉर्म देऊन ठिवायला काय जातंय?"

पाच सह्या पेनाच्या टोकावर होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं! स्वरूपानं यादी आपल्याकडं ओढली.

"न्हाय लिहिणार. जिथं तळ न्यायचाच न्हाय, तितल्या शेतकऱ्याला आबा शब्द देत व्हते का?"

आप्पांनी पेन खाली ठेवलं. सारजानं निवडायचं सूप हलवायचं थांबवलं. आप्पा दहा वर्षांचे असताना आबांनी त्यांना चार कोस उलटं पळवलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कशासाठी? तर एका शेतकऱ्याला एवढंच सांगायला, की आमचं येणं होत नाही, तुमचं रान दुसऱ्याला द्या. शब्द दिला की तो माणूस रान अडवून बसतो, म्हणून.

"पाय सोलून निघालं व्हतं माझं," आप्पा शेवटी म्हणाले. त्यांनी डी.एड.चा फॉर्म उचलला, जरा वेळ बघितला आणि सारजापुढं धरला. "शेजारच्या फुलाबाईच्या पोरीला पायजे व्हता न्हवं? दे जा तिला."

मग त्यांनी सह्या केल्या. पाच. प्रत्येक वेळी पूर्ण नाव, दादासो म्हस्कू, सावकाश.

"मिस्तरीणबाई," पेन खिशाला लावत ते म्हणाले, "सोमवारी इंदापूरला टपालात टाकायला कोण जाणार?"

"मिस्तरी एकटाच पुढं जातो," स्वरूपा म्हणाली आणि फॉर्म आणि सोबतचं पत्र घालून दिल्लीचं पाकीट डिंकानं चिकटवायला घेतलं.

"थांब, थांब," सूप बाजूला ठेवून सारजा म्हणाली. "त्यात लिहिलंस का, पाणी किती वाजता येतं म्हणून?"

स्वरूपा हसली. मग तिनं पत्र बाहेर काढलं आणि शेवटी एक ओळ वाढवली.