उमेदवाराच्या भावाचा चहा

“पैसे पाठवू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?” फोनवर उर्मिलाताई कडाडली. “पै न् पै दाखवावी लागते. मागच्या सरपंचबाईंनी खर्चाचा हिशेब दिला नाही, तर निवडून येऊनही घरी बसल्या.”

“भावाचे पैसेसुद्धा दाखवायचे?”

“भावाचे आधी!”

आत्मारामचं तोंड एवढंसं झालं. आखातात, रुवैसच्या रिफायनरीत पंप दुरुस्त करण्यात त्याची अर्धी उमर गेली होती. ताईचं लग्न, भाच्याचं बारसं, तिच्या पिठाच्या गिरणीची पूजा, सगळं हुकलं. प्रत्येक वेळी त्याच्याऐवजी पैसे जायचे. आता ताई सरपंचपदाला उभी, रजा नाही म्हणून मत देता येत नाही, आणि पैसेही नकोत! मग आपण भाऊ तरी कसले, असं वाटून त्याला फार वाईट वाटलं.

पण गडी गप्प बसणारा नव्हता. प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी त्याने कामगारांच्या कॅम्पमधल्या दहा-पंधरा दोस्तांना कॅफेटेरियासमोर गोळा केलं. व्हिडिओ कॉल लागला. तिकडे गावातल्या सभेत भाच्याने फोन माइकला टेकवला.

“यल्ला, चलो, बोलो!” आत्मारामने इशारा केला.

“उर्मिलाताई झिंदाबाद!” मलबारचा हारुन, हैदराबादचा बदरुद्दीन, सगळे बेंबीच्या देठापासून ओरडले. ताईचं चिन्ह शिट्टी. हारुनला ऐन वेळी ते आठवेना, तेव्हा त्याने दणकून छत्रीचा जयजयकार केला. छत्री समोरच्या उमेदवाराची! अख्खी सभा हसून लोटपोट झाली.

आणि ताई निवडून आली. आत्माराम कॅम्पभर नाचला.

आठवड्याने तिचा फोन. “त्या दिवशी तिकडे काही खर्च केलास?”

“छे! पोरांना नुसता चहा पाजला.”

“किती झाले?”

“ताई, चहा कोण धरतं?”

“मी धरते. सांग.”

“पंधरा दिरहम. म्हणजे साडेतीनशे रुपये. खलास!”

मग एका दुपारी तिने फोटो पाठवला. ग्रामपंचायतीच्या फलकावर खर्चाचा हिशेब लागला होता. पत्रकं, लाउडस्पीकर, रिक्षा. आणि अगदी तळाशी: ‘चहा, रु. ३५०. खर्च करणारा: आत्माराम, उमेदवाराचा भाऊ. मुक्काम रुवैस.’

आत्मारामने ती ओळ बोटांनी मोठी करून पुन्हा पुन्हा वाचली. त्याचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

“क्या लिखा है?” हारुनने विचारलं.

“लिखा है,” आत्माराम म्हणाला, “मैं भी वहाँ था।”