वजिराच्या बदल्यात घोडा

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि बुद्धिबळात बिनदिक्कत चोऱ्या करतात. दोन्हींत हात इतका साफ, की लग्न झाल्यापासून मला ते एकदाही रंगेहाथ सापडलेले नाहीत.

यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्याआधी डॉक्टरबाईंनी धोके समजावले. रक्तस्राव होऊ शकतो, झटका येऊ शकतो आणि अगदी क्वचित, रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडलेल्या औषधानं काही काळ नजरच जाते. "हजारांत एखाद्याची," त्या म्हणाल्या. यांची छाती फुगली. क्वचित घडणारं सगळं आपल्याच वाट्याला येतं, असं हे नेहमी माझ्याकडे बोट दाखवून सांगतात.

स्टेंट झकास बसला. खाटेवर आणल्यावर हे म्हणाले, "अगं, दिवा लाव की."

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

मेंदूचा फोटो काढून डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेकांची नजर एक-दोन दिवसांत परत येते." ते 'बहुतेकांची' मला टोचत राहिलं. घड्याळजीचे डोळे गेले तर उरलं काय? तोंडच ना!

दुसऱ्या दिवशी मी पट आणून त्यांच्या मांडीवर मांडला. ते चाल सांगायचे, मी सोंगटी हलवायची. मधेच मी त्यांचा हत्ती उचलून पर्समध्ये टाकला. एरवी यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. हे मख्ख. मला रडू फुटलं. हत्ती गुपचूप जागेवर ठेवला आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी सरळ वजीरच लांबवला आणि त्यांच्या डोळ्यांकडे टक लावून बसले. पापणीही हलली नाही. संपलं सगळं, असं मनाशी म्हणत पटाकडे वळले, तर माझा घोडा गायब!

दोन घोडे शेजारी-शेजारी होते, त्यांचा पांढरा आणि माझा काळा. नेमका काळाच गेला होता. बोटांना रंग कळत नाही.

"अहो," मी म्हटलं, "मूठ उघडा."

"आधी माझा वजीर ठेव, चोरटे."

मी वजीर त्यांच्या अंगावर फेकला आणि हमसून हमसून रडले. "कधीपासून दिसतंय?"

"सकाळपासून. पण तू हातानं भरवत होतीस. म्हटलं, सांगायची घाई कशाला?"

रडणं ऐकून डॉक्टरबाई धावत आल्या. "काय झालं?"

"नजर आली," मी डोळे पुसत म्हटलं, "आणि बाई, अखेर रंगेहाथ सापडले."