आत्याचं तेल

सकाळी सहा वाजता फिलिमोने काकांच्या परसात होतं ते असं: साफ केलेली डुकरं चौदा, केळीच्या पानांचे भारे नऊ, छोटं पोकलेन एक, फावडी शून्य, खड्डा शून्य.

फावडी काकांनीच आदल्या दिवशी शेजारच्या गावाला देऊन टाकली होती. "माझ्या सीनीच्या लग्नात कुणाच्या हाताला फोड येणार नाही!" असं चर्चमध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून. आता डुकरं भाजायचा खड्डा साडेसातपर्यंत झाला नाही, तर दुपारी वऱ्हाड कच्च्या डुकरांपुढे बसणार होतं. आणि उद्या रविवार. रविवारी टोंगात चर्चच्या घंटेखेरीज काही हलत नाही.

काकांनी दांडा ओढला. इंजिन गुरगुरलं, पंप किंकाळला, यंत्राचा हात ढिम्म.

"काल संध्याकाळी तर पोरीसारखा नाचत होता!"

"काका, यात काय घातलंत?"

"तेल."

"कुठलं?"

काका डुकरं मोजायला लागले.

मी टाकीचं झाकण उघडलं. आत पांढराशुभ्र घट्ट थर, आणि फुलांचा असा घमघमाट, की डुकरांवरच्या माश्यासुद्धा इकडे वळल्या. काल नळी फुटून यंत्राचं तेल सांडलं होतं. दुकान बंद होतं. काकांनी नळी बदलली आणि वाइओला आत्याने नवरीच्या नाचासाठी फुलं मुरवून केलेलं खोबरेल टाकीत ओतलं. अकरा बाटल्या.

फिजीला, सुव्याच्या विद्यापीठात चार वर्षं पदार्थविज्ञान शिकले, ते या क्षणासाठी असावं. मी सांगितलं, "काका, इंजिन फक्त पंप फिरवतं. पंप टाकीतलं तेल ओढतो आणि नळीतून ढकलतो. तुम्ही दांडा ओढला की त्या तेलाला वाट मिळते, ते नळकांड्यात शिरतं, आतला दट्ट्या सरकतो आणि हात उचलला जातो. पंप ढकलायला राक्षस आहे, ओढायला मात्र अगदी दुबळा. खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं. आत्ता अठरा आहेत."

"म्हणजे याला थंडी वाजतेय?"

"तसंच समजा."

"हळू बोल. तुझ्या आत्याला—"

"आत्याला काय?" आत्या मागेच उभी होती. आमच्याकडे बहिणीपुढे भाऊ आवाज चढवत नाही. काकांनी तर श्वासही रोखला. आत्याने हवा हुंगली. मग टाकीत वाकून हुंगली.

"मोने, हे माझं तेल."

"ताई, यंत्राला कसं मानवलं बघ ना."

"आणि सीनीच्या अंगाला काय चोळू? ग्रीस?"

"ताई, ओरड नंतर. आधी खड्डा."

आत्याने यंत्राकडे पाहिलं, चौदा डुकरांकडे पाहिलं. "थंडच झालंय ना? मग आपल्याला भाजता येत नाही होय?"

चहाच्या चुलीतले तापलेले दगड निघाले. आत्याने ते ओल्या पानांत गुंडाळून टाकीभोवती रचले, वरून गोधड्या, त्यावर चटई, अगदी डुकरावर रचतात तसं. शेजारणी जमल्या. एकीने विचारलं, "शिजायला किती वेळ?"

"हाडासकट आहे, वेळ लागेल," आत्या म्हणाली. "चाळीस मिनिटं."

मी घरातून मांसाचा थर्मामीटर आणला. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून टोचत होते. वीस. बावीस. चोवीसला पांढऱ्याच्या कडा पारदर्शक झाल्या. काका गोधडीला कान लावून बसले होते. "बोलतोय," ते म्हणाले.

तिसाव्या अंशाला त्यांनी दांडा ओढला. यंत्राचा हात थरथरला, अंगाला आळोखेपिळोखे दिल्यासारखा वर गेला आणि धपकन मातीत उतरला.

"गोधड्या काढू नका!" आत्या ओरडली. "सर्दी होईल त्याला!"

म्हणून गोधड्यांतच खोदकाम झालं. सगळं परस नवरीसारखं दरवळत होतं.

खड्डा पुरा झाला तेव्हा मी फीत धरली. लांबी तीन मीटर वीस, रुंदी दीड मीटर, खोली नव्वद सेंटीमीटर. वेळ सात अठ्ठावीस. तेल एकतीस अंश.